ताईच्या मनगटाची बॅटरी

घड्याळजी स्वतःच्याच दाराबाहेर दोन तास दहा मिनिटं उभे राहिले, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. वेळ अंदाजे नाही, मोजलेली आहे. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस दाराबाहेर अडकला तरी मनगटाकडे बघतच अडकतो. किल्ली आत राहिली होती. आत त्यांची थोरली बहीण होती, चांगली जागी, धडधाकट, खिडकीशी बसून लोकर विणत होती. फक्त तिला ऐकू येत नव्हतं. बेल दाबून घड्याळजींचं बोट दुखलं, दार बडवल्यावर शेजारची तीन दारं उघडली, पण जे उघडायला हवं ते काही उघडेना. शेवटी कुलूपवाल्याने येऊन कुलूप तोडलं. ताईने मान वर केली आणि विचारलं, "आज एवढ्या लवकर आलास?"

प्रसंग हसण्यासारखा होता आणि घड्याळजींनी तो हसण्यावारी नेलाही असता. पण शेजाऱ्यांच्या तोंडाला कुलूप नसतं. बातमी ताईच्या मुलीपर्यंत पोचली आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास करून भाची दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिली.

"मामा, हसतोस काय? उद्या आत काही पेटलं आणि तू बाहेर असलास तर?" ती म्हणाली. "आई आमच्याकडे येईल. खोली रिकामी आहे, उजेड आहे. मी घरूनच काम करते, चोवीस तास कोणीतरी असतं."

ताई दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. समोरासमोर बोललेलं तिला बरंचसं कळत असे. कानाचं मशीन होतं, पण ते डबीत असायचं. घातलं की डोक्यात भांडी पडतात, असं तिचं म्हणणं. आत्ता तिने लोकरीचा गुंडा मांडीवर ओढला.

घड्याळजी मात्र घरभर नजर फिरवू लागले. सव्वीस वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले, तेव्हा ती दहा वर्षांच्या मुलीला घेऊन या दोन खोल्यांत आली होती. घड्याळजींचं स्वतःचं लग्न राहूनच गेलेलं. भाची त्यांच्या कामाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करून शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेली. मागे हे दोघं उरले. एकट्यापुरता चहा किती पाण्याचा करायचा, हे त्यांना या वयात ठाऊकच नव्हतं, आणि शिकायची इच्छाही नव्हती.

"ऐकू येत नाही एवढंच ना?" ते म्हणाले. "मग न ऐकता कळेल असं काहीतरी करतो. मला महिनाभर दे."

भाची मामाला ओळखून होती. हट्टाला पेटला की हा माणूस विझवता येत नाही. तिने अट घातली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती येईल. किती वाजता, ते सांगणार नाही. बेल वाजवेल तीनदा, दोन-दोन मिनिटांनी. मामाने उठायचं नाही, खूण करायची नाही. आईने स्वतः येऊन दार उघडलं, तर ती इथेच राहील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. नाही उघडलं, तर संध्याकाळच्या गाडीने आई तिच्याबरोबर.

"मंजूर," घड्याळजी म्हणाले. ज्या बाईला न्यायचं की ठेवायचं ते ठरत होतं, तिला मंजूर आहे का, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. शहाण्या माणसांचं असंच असतं.

निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला लागतात, घड्याळजी सर्किटं जोडायला लागले होते. आधी आपोआप लागणारा दिवा झाला, मग टाकी भरली की ओरडणारी घंटा. त्यामुळे यंत्राची कल्पना तासाभरात कागदावर उतरली. बेलच्या बटणाला एक छोटा ट्रान्समीटर जोडायचा. ताईच्या मनगटावर पट्टा, पट्ट्यात रिसीव्हर आणि जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर. दारात बटण दाबलं की मनगटाला गुदगुल्या. आठवड्याभरात हे सगळं टेबलावर चालू झालं. अर्थात भिंतीच्या प्लगवर. ताईला भिंतीला बांधून ठेवायचं नसल्यामुळे आता फक्त बॅटरी राहिली होती.

आणि बॅटरी म्हणजे काय! घड्याळजींनी आयुष्यात इतक्या बॅटऱ्या बदलल्या होत्या, की ती त्यांच्या लेखी मामुली गोष्ट होती. कानामागून आली आणि तिखट झाली ती इथेच.

इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या गल्लीत एका बाईंचं दुकान होतं. भिंतभर इवले इवले खण, काचेच्या काउंटरवर एक सोल्डरिंग गन आणि दोरीला चष्मा लटकवलेल्या बाई. गल्लीत त्यांना सर्किटबाई म्हणत.

"चार्ज होणारी छोटी बॅटरी हवी," घड्याळजी म्हणाले.

"कशाला लावायची, काका?"

"असंच. आहे एक लहानसं काम."

"लहानसं म्हणजे काय? मोटर आहे, दिवा आहे, रेडिओ आहे?"

"तुम्ही बॅटऱ्या दाखवा ना, बाई."

याला म्हणतात ताकाला जाऊन भांडं लपवणं. चाळीस वर्षं जे स्वतः गिऱ्हाइकांना प्रश्न विचारत आले, त्यांना काउंटरच्या या बाजूला उभं राहून उत्तरं देणं जड जात होतं. बाईंनी खांदे उडवले आणि चार खण पुढ्यात ओढले. त्यात सगळ्यांत लहान होता बटन सेल. रुपेरी, गोल, बोटाच्या पेरावर मावणारा, आणि चार्ज होणारा. घड्याळजींचे डोळे चमकले. असले सेल त्यांच्या हातांना ओळखीचे होते. घड्याळात असा एक बसवला की तीन वर्षं बघायला नको. मूर्ती लहान, कीर्ती महान! त्यांनी तोच उचलला.

पट्टा सुरेख झाला, यात वाद नाही. पातळ, हलका, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सकाळी सहाला ताईच्या मनगटावर बांधला. घड्याळजींनी बाहेर जाऊन बेल वाजवली. ताईने पट्ट्याकडे बघितलं, उठली, दार उघडलं. घड्याळजींना दारातच नाचावंसं वाटलं. आठला पुन्हा वाजवली. मोटर जेमतेम कुरकुरली आणि गप्प झाली. नऊला वाजवली तर काहीच नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी मीटर लावून बघितलं, बॅटरीने मान टाकली होती.

त्यांनी सर्किट उलटंसुलटं तपासलं, सगळे जोड नव्याने केले. घोडं कुठे पेंड खातंय, ते सापडेना. स्वतःची निवड चुकली असेल, ही शक्यता त्यांनी विचारातही घेतली नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. घड्याळ परत आलं, तर स्प्रिंग हलकी निघालेली असे, नाहीतर गिऱ्हाइकाने पाण्यात बुचकळलेलं असे.

"सेल खराब निघाला," त्यांनी दुकानात जाऊन जाहीर केलं.

सर्किटबाईंनी सेल चार्जिंगला लावला, घड्याळजींना स्टुलावर बसवलं, मधे चार गिऱ्हाइकं केली, मग सेल तपासला. "ठणठणीत आहे. काका, आता तरी सांगा. याच्या पुढ्यात तुम्ही जेवायला बसवलंय कोणाला?"

घड्याळजींनी पिशवीतून पट्टा काढला आणि सांगितलं. बहीण, बंद दार, भाची, रविवार, सगळंच सांगितलं. इतकं की बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर एक खेप वाचली असती," बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. त्यांनी पट्ट्याला मीटर लावला. "बघा. बेल वाजो न वाजो, तुमचा रिसीव्हर कान लावून बसलेलाच असतो. सतत बारा मिलिअँपिअर खातो. तुमच्या सेलमध्ये आहेत चाळीस. भागा बरं बाराने."

"सव्वातीन तास," घड्याळजी हळूच म्हणाले. सकाळी सहा ते नऊ वाजून पाच, जवळपास तेवढेच.

"आणि वर मोटर. घड्याळ थेंब थेंब पितं, काका. मोटर एकदम घटाघट मागते. एवढा घोट या बटन सेलला देता येत नाही, म्हणून ती कुरकुरते."

घड्याळजींना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. चार दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखे ते जोड तपासत बसले होते. बाईंनी एका पाकिटाच्या मागे आकडे मांडले. ताई उठते सहाला, झोपते दहाला. सोळा तास. सोळा बारे एकशे ब्याण्णव.

"म्हणजे दोनशेची बस झाली," घड्याळजी म्हणाले.

"पाकिटावर छापलेलं सगळं खरं असतं, तर मी आणि माझा मीटर घरी बसलो असतो. दोनशे लिहिलेल्यात कधी एकशे सत्तर निघतात. शिवाय वर्षभरात बॅटरी थकतेच, आपल्यासारखी. चपटी लिथियमची घ्या. अडीचशे घ्या, नाहीतर चारशे."

त्यांनी चपट्या, रुपेरी कागदात गुंडाळल्यासारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्या रांगेत मांडल्या. घड्याळजींनी खिशातून आपला जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. सहाशेची तर पट्ट्यापेक्षाही रुंद होती, नाकापेक्षा मोती जड. चारशेची मावत होती, पण जाड; ताईचं मनगट पाखराच्या पायासारखं, त्यावर ती डबी बाहीत अडकली असती. अडीचशेची चार मिलिमीटर जाडीची, नेमकी बसणारी. बाईंनी त्यातल्या दोन आपल्या यंत्रावर पूर्ण रिकाम्या करून बघितल्या, त्यासाठी घड्याळजी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. एक निघाली दोनशे एकतीसची. दुसरी दोनशे अठ्ठेचाळीसची, ती बाईंनी पुढे सरकवली.

"पिवळ्या पट्टीखाली संरक्षणाचं सर्किट आहे, ते सोलू नका. आणि तुमचा घड्याळाचा हात जरा आवरा. डबीत ही घट्ट दाबून बसवायची नसते. गरम झाली की फुगते, थोडी जागा ठेवा. चार्जर कुठला वापरताय?"

घड्याळजींनी चार्जरचा बोर्ड दाखवला.

"हा एक हजार मिलिअँपिअरने भरतो! एवढ्याशा बॅटरीला असं भरणं म्हणजे तान्ह्या पोराला वाडगं तोंडाला लावणं. हा रेझिस्टर काढा, इथे दहा हजार ओहमचा बसवा, मग एकशे तीसने भरेल. हळूहळू, दोन-अडीच तासांत. रोज काढून चार्जिंगला लावावी लागेल. आठवण राहील ताईंना?"

"मी लावीन ना."

"बरं. त्या घालणार ना पण रोज? विचारलंय?"

"त्यात विचारायचं काय?" घड्याळजी म्हणाले आणि बॅटरी रुमालात गुंडाळून निघाले.

रेझिस्टर मोहरीपेक्षाही लहान होता. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने तो उचलला, एका श्वासात बसवला. हे काम त्यांचंच होतं. डबीत त्यांनी नख जाईल एवढी फट ठेवली, हाताला न पटूनही ठेवली. मग तीन दिवस चाचण्या. पट्टा चालू करून, मधूनमधून बेल वाजवत, वहीत तास लिहायचे. पहिल्या दिवशी अठरा तास वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी अठरा पाच, तिसऱ्या दिवशी अठरा पंधरा. भाची भल्या सकाळी येवो नाहीतर जेवणं झाल्यावर, बॅटरी तिला पुरून उरणार होती.

या सगळ्यात ताई नेहमीसारखी होती. पट्टा बांधायचा म्हटलं की हात पुढे करायची, काढायचा म्हटलं तरी हात पुढे करायची. दुपारी मोबाईलवर तिची सहा वर्षांची नात दिसे. आजीला ऐकू येत नाही म्हणून ती कागदावर मोठमोठी अक्षरं काढून पडद्यासमोर धरायची. दात पडला. मांजरीला पिल्लं झाली. ताई ते वाचून हसायची, उत्तर द्यायची, आणि कागद पडद्याआड गेला तरी थोडा वेळ तिथेच बघत बसायची. घड्याळजी तेव्हा शेजारीच बसून वहीत तास लिहीत होते.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी वही तिच्यासमोर धरली. ताईने आकडे वाचले.

"आणि ही बंद पडली तर?" तिने विचारलं.

"नाही पडणार."

"अरे पण पडली तर?"

"ताई, अठरा तास चालते. मोजलंय मी. तू घाबरू नकोस, तुला कुठेही जावं लागणार नाही."

ताईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सगळं कळलं, अशी मान हलवली, आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली.

रविवारी सकाळी सहाला पट्टा चढला. घड्याळजींनी हिरवा दिवा बघून घेतला. दहा वाजले, बारा वाजले. जेवणं झाली. त्यांना एका जागी बसवेना; उठून खिडकीशी जायचे, पण भाचीने हेरलं तर खूण केली म्हणेल, म्हणून परत यायचे. ताई टेबलाशी बसून जुन्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी बेल वाजली.

घड्याळजी खुर्चीत ताठ झाले. समोर ताईच्या मनगटावर पट्टा घुरघुरला. हात टेबलावर टेकलेला होता, त्यामुळे लाकडातूनही आवाज आला आणि दोन-चार बटणं जागच्या जागी थरथरली. ताईने एक निळं बटण उचललं आणि निळ्यांच्या ढिगात ठेवलं.

गाफील असेल, घड्याळजींना वाटलं. दोन मिनिटं गेली. पुन्हा बेल, पुन्हा तोच घुरघुराट. ताई बटणं लावत राहिली. मोटर सुटली का? पट्टा सैल बसलाय का? टेबल थरथरतंय आणि हिला कसं कळत नाही? त्यांना ओरडावंसं वाटलं, ओरडून उपयोग नव्हता आणि परवानगीही नव्हती.

तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही. ते उठले आणि त्यांनी ताईचं मनगट धरलं. पट्टा त्यांच्या अंगठ्याखाली जोरात थरथरत होता. कुठेही कमी नाही. एवढी चांगली वस्तू त्यांनी आयुष्यात बनवली नव्हती.

त्यांनी ताईच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते.

"कळलं रे," ती म्हणाली. "तिन्ही वेळा कळलं."

"मग उठली का नाहीस?"

"उठले असते तर राहावं लागलं असतं."

मनगट तेवढं घड्याळजींच्या हातात राहिलं.

"पोर मोठी होतेय," ताई म्हणाली. "कागदावर किती दिवस बघू तिला? माझ्या हातात आहेत किती वर्षं? महिनाभर म्हणत होते तुला सांगावं. पण सव्वीस वर्षं तू आम्हाला पोसलंस, शब्दाने कधी बोलला नाहीस. तुला एकटं टाकून जाते, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि तू तर त्या बॅटरीच्या मागे असा लागलास... मला वाटलं, बंद पडेल. देवा, बंद पडू दे, असं म्हणत होते मी. मेली पडलीच नाही."

घड्याळजींना हसू आलं. मग वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं. पण सगळ्यांत जास्त लाज वाटली. बारा मिलिअँपिअर कोण खातंय ते त्यांनी मीटर लावून शोधलं होतं, आणि सव्वीस वर्षं समोर बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

"तिला सांगू नकोस," ताई म्हणाली. "मी मुद्दाम बसून राहिले, हे नको सांगूस. भावाला स्वतःहून सोडून आले असं नको व्हायला."

दारावर आता थापा पडायला लागल्या. घड्याळजींनी पट्ट्याच्या कडेचं बारीक बटण नखाने सरकवलं. हिरवा दिवा विझला. मग त्यांनी ताईचे डोळे आपल्या रुमालाने पुसले, रुमाल खिशात ठेवला आणि जाऊन दार उघडलं.

भाची दारात उभी होती. तिने मामाकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत, टेबलाशी पाठमोऱ्या बसलेल्या आईकडे. मामा हरला, तरी तिला आनंद झालेला दिसला नाही.

"नाही कळलं तिला?"

"नाही."

"पण मामा, तू तर काल फोनवर म्हणालास, अठरा तास चालते. वही दाखवणार होतास."

"बंद पडला पट्टा," घड्याळजी म्हणाले. "माझं चुकलं. बॅटरी निवडण्यात चूक केली मी."

भाची त्यांच्याकडे बघतच राहिली. या टेबलाच्या कोपऱ्यावर वाढलेली पोर ती. हे वाक्य मामाच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने त्यांचा हात हातात घेतला.

आत खुर्ची सरकली. "कोण आलंय रे?" ताईने मोठ्यांदा विचारलं.

घड्याळजी वळले. तिला ओठ नीट दिसावेत म्हणून उजेडात उभे राहिले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "तुझी लेक आलीय, ताई. तुला न्यायला."